उलट्या दिशेचा फटका

ड्रमॉरी चषक सुरू झाला तेव्हा आयल्सा रँकिनचा जन्मही झाला नव्हता. ड्रमॉरी या ब्रिटिश गावातला एक प्राध्यापक आणि त्याचा अमेरिकन मित्र, दोघेही गोल्फचे वेडे, आपापल्या कॉलेजांची मुलं घेऊन समुद्राकाठच्या मैदानावर एकमेकांना भिडले आणि त्यातून हे सगळं उभं राहिलं. पहिल्या वर्षी अमेरिकन मुलं बोट लागून पिवळीफटक होऊन उतरली आणि सपाटून हरून परत गेली. पुढे मात्र चित्र पालटलं. अमेरिकन संघ दर खेपेला जास्त तयारीचा येऊ लागला आणि ब्रिटिश मुलांना हार खायची सवयच लागली. चषक बंद करायच्या गोष्टी निघाल्या, तेव्हा कुणीतरी चिकाटीने साऱ्या युरोपातल्या विद्यार्थ्यांना ब्रिटिश संघात आणलं आणि स्पर्धेत पुन्हा जीव आला.

आयल्सा कॉलेजात असताना तिचा भाऊ मर्डो या संघात होता. घरच्या मैदानावर तो बहिणीकडून नेमाने हरायचा, पण चषक फक्त मुलग्यांचा होता. आयल्साला फळ्यावर गुणांचे आकडे लावायचं काम मिळालं. तिने ते गारठलेल्या बोटांनी चोख केलं आणि जे वाटलं ते मनातच ठेवलं. पुढे ती विद्यापीठात मुलींना गोल्फ शिकवू लागली. दर हिवाळ्यात ती समितीपुढे जायची आणि मुलींना चषकात घ्या म्हणायची. समितीचे अध्यक्ष डॉक्टर क्रायटन तिला चहा पाजायचे, इथला वारा किती वाईट आहे ते सांगायचे आणि विषय पुढच्या वर्षावर ढकलायचे. जणू वारा फक्त मुलींनाच लागत होता.

आयल्साचे केस पांढरे झाले तेव्हा कुठे अमेरिकेतूनच निरोप आला की यंदा आम्ही मुलीही आणतो आहोत. समितीचा नाइलाज झाला. एक वर्ष करून बघू, असं ठरलं आणि युरोपच्या संघाची कप्तान म्हणून आयल्साला नेमलं.

शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत दोन्ही संघांचे गुण बरोबरीत होते. मैदानावर एकच सामना उरला होता, एक मुलगा आणि एक मुलगी अशा जोड्यांचा. जोडीत चेंडू एकच, आणि तो दोघांनी आळीपाळीने मारायचा. युरोपकडून आस्गर नावाचा लांबलचक डॅनिश मुलगा होता आणि नेरेया ओलाइसोला, बास्क मुलखातल्या मासेमाराची मुलगी. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. तरी मोडक्या इंग्रजीत तीन दिवस त्यांचं एकमेकांची टर उडवणं चालूच होतं. अठरा होलांपैकी सतराव्यावर आले तेव्हा ते एका होलने मागे होते. हा होल गेला की सामना गेला, आणि चषकही.

आस्गरने पहिला फटका मारला. वाऱ्याने चेंडू ओढला आणि तो ग्रीनलगतच्या खोल बंकरमध्ये, वाळूच्या खड्ड्यात, पुढच्या भिंतीला अगदी चिकटून बसला. अमेरिकन जोडीचा चेंडू ग्रीनवर, होलभोवतीच्या कातरलेल्या हिरवळीवर होता, होलपासून लांब, पण सुखात. आस्गरचा चेहरा पडला. नेरेयाने बंकरमध्ये डोकावून पाहिलं आणि त्याला म्हणाली, "तुझं माझ्याशी काही वैर आहे का रे?"

आयल्सा जवळ गेली. कप्तानाला सल्ला द्यायची मुभा होती. प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडे अख्खं गाव उभं होतं आणि पुढच्या रांगेत काठी टेकून डॉक्टर क्रायटन. समोरून भिंतीवरून चेंडू काढायचा म्हणजे दहात एखाद्या वेळी जमणारी गोष्ट. चेंडू उलटा, होलपासून दूर मागे काढणं सोपं. पण एवढ्या लोकांसमोर तसं करायला छाती लागते, आणि ती आपण या मुलीकडे मागायची का, हे आयल्साला ठरवता येईना.

"काय दिसतंय तुला?" एवढंच तिने विचारलं.

"पुढे गेले तर इथेच अडकेन," नेरेया म्हणाली. "मागे मारते. आस्गरला मोकळं गवत मिळेल. लोक हसतील ना?"

"हसतील. तू मार."

नेरेया होलकडे पाठ करून उभी राहिली. गर्दीतून कुजबुज उठली, कुणीतरी खरंच हसलं. तिने शांतपणे चेंडू मागे गवतावर काढला. वाळू झटकत ती वर आली आणि आस्गरला म्हणाली, "घे. आता तुझी पाळी."

आस्गरने तिथून बंकरवरून असा अलगद फटका उडवला, की चेंडू होलपासून वीतभर अंतरावर थांबला. आता जिंकायला अमेरिकन जोडीला दोन फटक्यांत होल संपवायचा होता. पण मघाचं सुख उरलं नव्हतं. पहिला फटका जोरात गेला, उतारावरून चेंडू पार खाली घरंगळला. दुसरा होलच्या कडेला लागून बाहेर आला. दोन्ही जोड्यांना चार-चार फटके लागले आणि होल बरोबरीत सुटला.

शेवटचा, अठरावा होल जिंकला तरच सामना बरोबरीत सुटणार होता. तिथे सुरुवात नेरेयाची होती. तिने वाऱ्याच्या पोटाखालून चेंडू जमिनीलगत असा काढला, की दोरीपलीकडचे म्हातारे मासेमार एकमेकांकडे बघू लागले. आस्गरने तो ग्रीनवर नेला. नेरेयाने फार वेळ लावला नाही. वाकली, पाहिलं, मारलं. चेंडू होलात पडल्यावर आस्गरने तिला बोचक्यासारखं उचललं. अमेरिकन जोडीला एक फटका जास्त लागला. सामना बरोबरीत, चषकही बरोबरीत. दोन्ही संघांनी तो मिळून उचलायचा, हे या स्पर्धेत कधी घडलंच नव्हतं.

डॉक्टर क्रायटन गर्दीतून वाट काढत आयल्साकडे आले.

"तो सतराव्याचा फटका," ते म्हणाले, "मी मारला नसता, आयल्सा. उभ्या आयुष्यात नाही. मला लोकांची लाज वाटली असती."

"मलाही वाटली असती," आयल्सा म्हणाली. ते खरंच होतं. त्या पोरीच्या वयात आपल्याला हे सुचलं असतं का, याची तिला खात्री नव्हती, आणि त्याचं तिला वाईट वाटण्याऐवजी फार बरं वाटलं.

मुली यापुढे कायम खेळतील, हे समितीने जेवणाआधीच ठरवून टाकलं. क्रायटननी ते स्वतः उभं राहून सांगितलं.

मांस भरलेले गरम पॅटिस आणि बटाटे वाढले जात होते, तेव्हा अमेरिकन कप्तान ब्रुबेकर ताट बाजूला सारून नेरेयाच्या टेबलाशी आले. "पोरी, तो फटका आम्हाला दाखवतेस का? माझी मुलं फक्त पुढे मारायला शिकलीत."

उन्हाळ्यात ड्रमॉरीत उजेड लवकर सरत नाही. दोन्ही संघ अर्धवट जेवून सतराव्याकडे निघाले. आयल्सा बंकरच्या काठावर गवतात बसली आणि अमेरिकन मुलं एकामागून एक, होलकडे पाठ करून, नेरेयाच्या शिव्या खात चेंडू मागे मारताना बघत राहिली.