फाटकावरचा तांबडा शब्द

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. पाढे गिरवायची नव्हे, फाटकावर टांगायची. माझा जन्म शहरातल्या गुलमंडी बाजाराच्या मागच्या बोळात झाला. तिथं एक पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. श्रीनिवास नावाचे एक कारकून त्याच्याकडं आले आणि त्यांनी माझ्यावर लिहायला मजकूर दिला, ‘दारू सोडायची आहे? आत या. दर रविवारी संध्याकाळी.’ पण त्या भल्या पेंटरला दुकानांची सवय. गिऱ्हाईक लांबून खेचलं पाहिजे म्हणून त्यानं ‘दारू’ हा शब्द तांबड्या रंगात चांगला ठसठशीत काढला आणि उरलेला मजकूर खाली दाटीवाटीनं बसवला. श्रीनिवास बघतच राहिले. मला मात्र माझं रूप फार आवडलं.

माझी नोकरी आठवड्यातून एकदाच. रविवारी संध्याकाळी मला एका शाळेच्या फाटकावर टांगायचं आणि श्रीनिवासांची बैठक संपली की कपाटामागं ठेवायचं. आत बालवाडीच्या वर्गात, दारूनं ज्यांच्या संसाराची वाताहत केली होती ती माणसं गोल करून बसत. कुणी आडनाव सांगत नसे, कुणी विचारतही नसे. एक बोले, बाकीचे ऐकत, मग चहा होई. औषध एवढंच होतं, पण ते लागू पडे.

इथं येणारा माणूस सहसा सरळ येत नाही. आधी तो मला ओलांडून पुढं जातो, मग पानटपरीवर रेंगाळतो, मग उगाच वाकून चपलेचा अंगठा तपासतो आणि इकडंतिकडं बघून चटकन आत शिरतो. नानासाहेब तेवढे लगबगीनं आले होते. खुलताबादकडचे हे मोठे शेतकरी. त्यांनी माझा फक्त तांबडा शब्द वाचला होता. आत हातात चहाचा कप आला तेव्हा ते चांगलेच तापले. पुढच्या रविवारी मात्र सगळा मजकूर वाचून आले, आणि टिकले. मला टांगायचं कामही पुढं त्यांच्याकडंच आलं.

मग नानासाहेबांच्या मुलीची सोयरीक शाळेच्याच गल्लीत जुळत आली. होणारे व्याही आप्पासाहेब शाळेसमोरच राहत. संध्याकाळी ते ओट्यावर बसले की मी अगदी त्यांच्या नजरेसमोर. नानासाहेब बैठकीत काकुळतीनं म्हणाले, “पोरीचं जमेस्तोवर तेवढा शब्द झाका. लई मोठं घर हाय.”

लेकीच्या लग्नाचा प्रश्न. कुणाला नाही म्हणवेना. पेंटरनं माझ्या सगळ्या मजकुरावर पांढऱ्या रंगाचा हात मारला आणि सुबक अक्षरांत लिहिलं, ‘सत्संग’. मला गुदमरल्यासारखं झालं. टाळ घेऊन आलेल्या दोघी आजीबाई आत चहा पिऊन खुशीत परत गेल्या. पण ज्यांच्यासाठी मी होते, ते समोरून निघून जाऊ लागले.

अशाच एका रविवारी वैजापूरची साळूबाई आपल्या नवऱ्याला, कडूबाला घेऊन आली. शहरात एका शाळेच्या फाटकावर तांबड्या अक्षरांत ‘दारू’ लिहिलंय, तिथं माणसं दारू सोडतात, असं तिला कांद्याच्या बाजारात कुणीतरी सांगितलं होतं. तिला वाचता येत नव्हतं.

“वाचा की, काय लिव्हलंय?”

“सत्संग,” कडूबा म्हणाला. “हे नव्हं ते. चल, यष्टी निघून जाईल.”

सुटलो बुवा, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला. मी पडले पत्र्याची, मला कुठली वाचा? दोघं निघून गेली. इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी साळूबाई एकटीच आली. नानासाहेब मला खिळ्यावर अडकवत होते. समोर आप्पासाहेब पेपर वाचत होते. तिनं गल्लीच्या मधोमध उभं राहून मोठ्यानं विचारलं, “दारू सोडवतेत ती जागा कुठं हाय हो?”

आप्पासाहेबांनी पेपरातून मान वर केली. नानासाहेबांच्या हाताला सुटलेला घाम मला जाणवला. पुढं विचारा म्हणून तिला वाटेला लावणं सोपं होतं. पण ते वळले आणि म्हणाले, “हीच ती जागा, ताई. मी बी दारुडाच हाय. इथंच सोडली.”

“मंग पाटीवर का नाय लिव्हलं?” साळूबाई म्हणाली. “दारापतूर आणलं व्हतं मी त्यांना. इथून गेले ते स्टँडवर पिऊन पडले. डोकं फुटलंय. दवाखान्यात हायेत.”

आप्पासाहेब पेपरची घडी घालून घरात गेले. सोयरीक पुढं टिकली, पण ते तेव्हा नानासाहेबांना ठाऊक नव्हतं. ते तसेच साळूबाईबरोबर दवाखान्यात गेले.

पुढं कडूबानं बैठकीत सांगितलं, “डोळे उघडले तर एक अनोळखी माणूस उशाला. म्हणला, मी नानासाहेब, मी दारुडा हाय, तुझी वाट बघत बसलो व्हतो. आजवर माझी वाट फक्त हिनंच बघितली व्हती.”

माझ्यावर तांबडा शब्द आणि खालचा मजकूर पुन्हा चढला. पेंटरची वाट न बघता नानासाहेबांनी तो स्वतःच्या हातानं लिहिला, म्हणून थोडा वाकडा आहे. कडूबाचा पाय मध्ये एकदा पिण्याकडं घसरला, पण तो परत आला. आता मी गंजले आहे. लोक पत्ता मोबाइलवर शोधतात. तरी फाटकापाशी आले की त्यांची पावलं अडखळतातच.

मित्रांनो, मला रंग नाही दिला तरी चालेल. पण माझ्यासमोर घुटमळणाऱ्या माणसाला हसू नका आणि त्याच्यापासून माझा शब्द झाकू नका. तो मला वाचत असतो तेव्हा त्याचा अर्धा जीव माघारी निघालेला असतो. तेवढ्यात कुणीतरी त्याला “या” म्हणावं लागतं. माझ्यावर ते लिहिलेलं आहे, पण मला ते म्हणता येत नाही. ते तुम्ही म्हणा.