चाळिसाव्या दिवसाचा फोटो

इद्रीसच्या एसटीडी बूथमध्ये टेलिफोनची लाईन एकच होती, आणि नव्याण्णव सालातल्या त्या शुक्रवारी सकाळपासून त्या एका लाईननं त्याचा जीव टांगणीला लावला होता. त्याची वेबसाईट सांभाळणाऱ्या मुंबईच्या कंपनीला फोन करायचा तर इंटरनेट तोडायचं. कंपनी सांगते तसं झालंय का ते बघायचं तर फोन ठेवायचा. पुन्हा फोन लावला की पुन्हा रांगेत शेवटी.

रोह्यातली, पेणमधली कितीतरी माणसं आखातात. त्यांच्यासाठी इद्रीसनं वेबसाईट काढली होती. इथून फोटो चढवायचे, तिकडे ती माणसं सुट्टीच्या दिवशी सायबर कॅफेत बसून बघायची. त्यात ‘नवा पाहुणा’ नावाचं एक पान होतं. बाळ जन्मलं की जुना फोटो काढून त्याचा लावायचा. या खेपेची पाहुणी होती सहर, दोहाला क्रेन चालवणाऱ्या तमीमची पहिली लेक. तमीमला रजा मिळायला अजून दीड वर्ष होतं.

चाळीस दिवस फोटो काढायचा नाही, असं तमीमच्या आईचं, ताजुन्निसाखालांचं फर्मान होतं. बुधवारी चाळिसावा झाला, गुरुवारी इद्रीसनं फोटो चढवला. गालावर तीट, आणि खाली नाव नाही. नावासकट चेहरा दिसला की नजर लागते, असं खालांचं म्हणणं. तमीम शुक्रवारची नमाज आटोपून, आपल्याकडच्या साडेचारला कॅफेत बसणार होता. इद्रीसनं त्याला शब्द दिला होता.

आणि सकाळी बघतो तर साईट गायब. पांढरं पान आणि वर इंग्रजीत एक ओळ.

“सर, कॉम्प्युटर बंद करून चालू करा,” कंपनीचा पहिला मुलगा म्हणाला. इद्रीसनं केला. काही नाही.

“आमच्याकडे तर दिसतेय, सर,” दुसरा म्हणाला.

“तुम्हाला दिसून काय करू? दोहाला दिसायला पायजे!”

तिसऱ्यानं विचारलं, “सर, कॉम्प्युटर बंद करून बघितला का?” ये रे माझ्या मागल्या! चौथ्यानं तर रोह्याच्या टेलिफोन लाईनलाच दोष दिला. नाचता येईना, अंगण वाकडं. इद्रीस जेवला नाही. बूथच्या चार फूट जागेत येरझाऱ्या घालून त्यानं चपलेचा अंगठा तोडला. काचेच्या केबिनबाहेर बाकावर खाला दुपारपासून येऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्याकडे बघायचा त्याला धीर होत नव्हता.

सव्वाचारला पाचवा म्हणाला, “बॅकअप टाकलाय, सर. कंप्लेंट क्लोज.”

इद्रीसनं घाईनं इंटरनेट जोडलं. ‘नवा पाहुणा’ हा मथळा दिसला. फोटो उतरायला पाच मिनिटं लागायची आणि तमीमचा फोन तर कधीही आला असता. त्यानं लाईन मोकळी केली आणि तो सकाळपासून पहिल्यांदा पाणी प्यायला.

पावणेपाचला फोन वाजला. तमीम रडत होता.

“बघितली, इद्रीसभाई! काय रूप हाय! नाक तर अम्माचंच. रंगीत प्रिंट काढली, खोलीतल्या आठी जनांना दाखवनार. आनि जावळ काय दाट हाय रे!”

जावळ? सहरचं जावळ सातव्या दिवशी अकिक्याला उतरवलं होतं. त्या दिवशीचं मटण त्यानं स्वतः खाल्लं होतं. पोरीच्या डोक्यावर अजून नुसती लव होती. दाट जावळ होतं गेल्या महिन्याच्या पाहुण्याचं, पेणच्या मिठागरावरच्या जनूच्या नातवाचं. कंपनीनं महिन्याचा शिळा बॅकअप, साईटची जुनी प्रत, टाकला होता.

गप्प बसावं, असं इद्रीसला फार वाटलं. पण दुसऱ्याचं पोर दाखवून बापाला फसवायचं, हे काही त्याच्या पचनी पडेना.

“तमीम, ती सहर नाय रे,” तो म्हणाला, आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

“मग मी रडलो कोनासाठी?” तमीमनं विचारलं.

“फोटो उतरेपर्यंत थांबायला पायजे होतं मी,” इद्रीस म्हणाला.

“पोरगं कोनाचं?”

“जनूचा नातू. बाप मस्कतला हाय.”

“त्यानं बघितला ह्यो फोटो?”

“व्हय. गेल्या महिन्यात.”

“तो पन रडला असंल.” तमीमनं नाक ओढलं. “प्रिंट नाय फाडत मी. सहरची येईपर्यंत राहू दे उशाशी. आता अम्माला दे. तिला यातलं काय बोलू नको.”

इद्रीसनं काच सरकवून रिसीव्हर खालांच्या हातात दिला. त्या ऐकत राहिल्या, मग तोंडाला पदर लावून लाजल्यासारख्या हसल्या.

“ऐकलास, इद्रीस? नाक माझ्यावर गेलंय म्हनतो!”

इद्रीसनं मान डोलावली. सहरचं नाक खरंच खालांवर गेलं होतं. फक्त तमीमनं ते अजून बघितलं नव्हतं.