अंडी फोडायचा रविवार

ईस्टरच्या रविवारी सीमेवरच्या नदीकाठच्या लारेडो गावातलं झामारिपा कुटुंब तळ्याकाठी जमायचं आणि शेगडी देल्फिनाबाईंच्या ताब्यात असायची. यंदाही मेस्कीटच्या लाकडाच्या निखाऱ्यांवर बैलाच्या मांसाच्या लांब पट्ट्या चरचरत होत्या. शेजारी बिडाच्या तव्यावर मैद्याच्या पोळ्या, टॉर्टिया, फुगत होत्या. त्यांच्या लेकीनं, नेरेदानं, गोऱ्यांसारखं मेयोनेज घालून बटाट्याचं सॅलड केलं होतं, पण वरून हिरव्या मिरच्या चिरल्याशिवाय तिला राहवलं नव्हतं. पोरं रंगवलेली अंड्याची टरफलं घेऊन एकमेकांमागे धावत होती. टरफलांत कागदाच्या टिकल्या भरलेल्या. ज्याच्या डोक्यावर अंडं फुटेल त्याचं नशीब उजळतं म्हणे.

जावई एलेआसार सकाळपासून बियर पीत बसला होता. तीन आठवड्यांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ ताचो नदी ओलांडताना पकडला गेला आणि पलीकडे परत धाडला गेला. देल्फिनाबाईंचा मुलगा ओमेरो नदीवरच्या पहाऱ्यात नोकरीला होता. त्यानंतर एलेआसार आणि ओमेरो आज पहिल्यांदाच समोरासमोर येत होते.

"या, मेव्हणेसाहेब," ओमेरोला येताना पाहून एलेआसार उठला. "वर्दी घरी ठेवलीत, की शर्टाच्या आत आहे?"

"जेवायला आलोय रे. सणाचा दिवस आहे."

"सण ना? मग उजळू द्या की नशीब!"

त्यानं मुठीतलं अंडं ओमेरोच्या कपाळावर हाणलं. टिकल्या उडाल्याच नाहीत. टरफलात गोटा होता.

ओमेरो गुडघ्यांवर आला. एलेआसारनं त्याच्या बरगडीत लाथ घातली, मग दुसरी. "एका ताटात जेवलास आमच्या! आणि माझ्या भावाला कुत्र्यासारखं हाकललंस?"

तिसऱ्या लाथेला ओमेरोनं पाय धरून त्याला आडवा केला, छातीवर बसला आणि ठोसे मारत सुटला. ओठ फाटला, दात निखळला. मग कॉलर धरून त्याला फरफटत शेगडीपाशी नेलं आणि त्याचा उजवा पंजा तापल्या जाळीवर दाबून धरला.

किंकाळी ऐकून तळ्यापलीकडची माणसं उभी राहिली.

"दादा, सोड! मरेल तो!" नेरेदा भावाच्या पाठीवर बुक्क्या मारत होती.

ओमेरोला काही ऐकू येत नव्हतं. रक्तानं माखलेल्या त्या डोळ्यांत देल्फिनाबाईंना आपला मेलेला नवरा दिसला. त्याला थांबवणं त्यांना जन्मभर जमलं नव्हतं. त्यांनी फडक्यानं तव्याचा दांडा पकडला आणि सगळा जोर लावून पोटच्या पोराच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला.

दोघेही मातीत पडले.

"मीच धरला ताचोला," ओमेरो धापा टाकत म्हणाला. "बुडत होता तो. 'सोडू नका, सोडू नका' म्हणून गळ्याला मिठी मारली. काठावर आणल्यावर म्हणाला, 'आता सोडा.' पहाऱ्यावरचे चार जण बघत होते, एलेआसार. कसा सोडू?"

"खोटं बोलतोस," एलेआसार कण्हला.

पोलीस आले. दोघंही शेगडीवर तोल जाऊन पडलो, असं वेगवेगळं विचारूनही दोघांनी सारखंच सांगितलं. नेरेदानं नवऱ्याला गाडीत घातलं.

पाच आठवड्यांनी पलीकडून ताचोचा फोन आला. त्यानंही बुडण्याची तीच गोष्ट सांगितली. एलेआसार दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो देल्फिनाबाईंच्या दारात उभा राहिला, हाताला पट्टी.

"सासूबाई, ओमेरो आहे?"

"आहे. आत ये."

ओमेरो स्वयंपाकघरात बसला होता, उजवा हात झोळीत. माफी कुणीच मागितली नाही. देल्फिनाबाईंनी दोघांपुढे घेवड्याची उसळ आणि टॉर्टिया ठेवल्या. दोघं डाव्या हातानं जेवले. हनुवटीवरून रस्सा ओघळत होता, पण कुणी हसलं नाही.