हार्डनरचा डबा

बिल्डरांच्या मॉडेलमध्ये फुटपाथवर जी नखाएवढी सुखी माणसं उभी असतात, ती बनवायचा दोघा भावांचा कारखाना होता. सुखी माणसं बनवता बनवता दोघांचं बिनसलं आणि वाटणी झाली. ती इतकी काटेकोर झाली की वकीलसुद्धा वरमला. इपॉक्सी पुट्टी दोन डब्यांत येते, एकात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही सारखं घेऊन मळलं की काही तासांत दगड. समसमान वाटायचं म्हणून रेझिनचे डबे धाकट्याने नेले, हार्डनरचे थोरल्याने. मग दोघांनीही दुकानातून नवी पुट्टी आणली आणि वाट्याचे डबे फळीवर जपून ठेवले. हक्काचे म्हणून.

राहिले वडील. धंदा त्यांनीच काढलेला. त्यांची खुर्चीत बसलेली वीतभर मूर्ती दोघांनी मिळून घडवली होती, तिच्यावरून अडलं. शेवटी बारीक करवत आणली. कमरेच्या वरचे वडील थोरल्याकडे. खालचे, खुर्चीसकट, धाकट्याकडे. "चला, मिटलं एकदाचं," वहिनी तेव्हा म्हणाली होती. कुणीच तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

आता इतक्या वर्षांनी वहिनीचाच फोन आला.

"भाऊजी, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. म्हणजे कळलंच तुम्हाला. हे म्हणतायत, बाबांना जोडायचंय. तुमचा डबा घेऊन या."

"नवी पुट्टी आणतो की."

"नवी नको म्हणतायत. वाटणीतलीच."

धाकटा गेला. खिशात नव्या पुट्टीचं पाकीट टाकूनच गेला, शेवटी कारागीर होता. पलंगावर थोरला इतका कमी उरला होता, की आधी नुसती चादरच पसरलीय असं वाटलं.

"आलास," थोरला म्हणाला. "वजन वाढलंय तुझं."

"तुझं उतरलंय."

"तेच तुझ्या वाट्याला आलं असेल."

धाकट्याने डबे उघडले. रेझिन जरा घट्टावलं होतं, बाकी ठीक. हार्डनरवर मात्र जाड तपकिरी पापुद्रा धरला होता. आधी मरतो तो हार्डनर, हे या धंद्यात कुणालाही ठाऊक. त्याने पापुद्रा कापून बशीत टाकला. आतला गोळाही कणीदार लागला. हात खिशातल्या पाकिटाकडे गेला. थोरल्याची नजर हातावरच होती.

"बोटं ओली कर. विसरलास वाटतं."

त्याने बोटं ओली केली, पुट्टी मळली, वडिलांना खुर्चीत बसवलं, सांधा सारखा केला. सकाळी येऊन बघतो तर वडील पुढे झुकलेले, जमिनीवर सांडलेलं काही शोधत असल्यासारखे. थोरला जागा व्हायच्या आत त्याने त्यांना सरळ केलं. पुढच्या सकाळीही तेच.

"गुपचूप नवी लावा ना," वहिनी स्वयंपाकघरात म्हणाली. "त्यांना काय दिसतंय आता."

"दिसायला कशाला हवं? वासावरून ओळखेल तो."

संध्याकाळी थोरल्याने मूर्ती जवळ मागितली. धाकट्याने ती धरली, दोन बोटं वडिलांच्या पाठीमागे ठेवून.

"झाली घट्ट?"

"दगड."

"मग हात काढ."

त्याने हात काढला. वडील सावकाश, भिडस्त माणसासारखे, दोन्ही मुलांसमोर वाकले.

थोरल्याने विचारलं, "कुणाचा डबा गेला?"

तपकिरी पापुद्रा उशाशी बशीत तसाच पडला होता. धाकट्याने आयुष्यात थोरल्यापुढे स्वतःची चूक कधी कबूल केली नव्हती. नसलेली तर मुळीच नाही.

"माझा," तो म्हणाला.

"वाटलंच मला." थोरल्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. "झाकण नीट लावायची सवयच नाही तुला. लहानपणापासून."

"नाहीच."

दुसऱ्या दुपारी थोरला गेला.

"आता तरी नवी लावा," वहिनीने मूर्ती पुढे केली. "आता कोण बघणारय?"

धाकट्याने पाकीट काढलं, बघितलं, परत खिशात घातलं. मग वडिलांना दोन बोटांनी सरळ धरून तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहिला. भेटायला येणारे खांद्यावर हात ठेवून जात होते, तो कुणासाठी उठत नव्हता. लोकांना वाटलं, धक्का बसलाय. त्याचा हात मोकळा नव्हता, इतकंच.