बद्द वाजलेली नखी

‘गोरक्षने रायफल साफ ठेवली नव्हती’ एवढं एक वाक्य लिहून दिलं की इब्राहिम मिस्त्रीला हेडमिस्त्रीची जागा मिळणार होती, खिडकीजवळचं टेबल मिळणार होतं आणि बायकोच्या, मेहताबच्या, भावांकडून, लग्नानंतर वीस वर्षं उशिरा का होईना, मानही मिळणार होता. साहेबांनी कागद पुढ्यात ठेवला, चहा घेऊन येतो म्हणाले आणि गेले. नाईक गोरक्ष मात्र साहेब समोर असल्यासारखाच ताठ उभा राहिला.

युद्धाचं पाचवं वर्ष. नगरच्या कॅम्पाजवळ हत्यारं दुरुस्त करणारा एक कारखाना होता. तिथे नव्या परदेशी रायफली आल्या होत्या. एक गोळी सुटली की रायफल आपणच रिकामी पुंगळी बाहेर फेकी आणि दुसरं काडतूस वर घेई. काल मोठ्या साहेबांसमोर गोरक्षची रायफल पाच गोळ्यांनंतर अडकली. पुसून दिली, पुन्हा पाचांनंतर अडकली. रायफल अडकली की शिपाई आळशी, असं पलटणीत धरलेलंच असे. त्यात सोय होती. शिपायाच्या बाहीवरची हुद्द्याची फीत काढता येते, लोखंडाची काय काढणार?

“नळीत बोट घालून बघा चाचा,” गोरक्ष म्हणाला. “आईची आन, घासूनच न्हेल्ती.”

इब्राहिमने रायफल खोलली. पुंगळीला धरून मागे ओढणारी बोटाच्या पेराएवढी पोलादी नखी त्याने काढून पुसली आणि वीतभर उंचीवरून ऐरणीवर टाकली. बाकीचे भिंग लावून बघत. इब्राहिम ऐकत असे. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर आत चीर. पाहुणे आले की साहेब त्याची ही करामत दाखवायला घेऊन येत.

“ठीक हाय,” तो म्हणाला.

शेजारच्या बाकावरच्या सत्तारची कानस थांबली. “चाचा, परत टाका.”

त्याने टाकली.

“बद्द वाजतीय,” सत्तार हळूच म्हणाला. मग जवळ येऊन, “बद्द वाजतीय चाचा.”

इब्राहिमने नखी चिमट्यात धरून स्टोव्हच्या आचेवर नेली. तापताच केसाएवढी चीर उघडली. गार असताना घट्ट धरणारी नखी पाच गोळ्यांनी तापली की सैल पडे, पुंगळी आतच राही आणि मागचं काडतूस तिच्यावर जाऊन आदळे. हजारात एखाद्या रायफलीला असं होतं. आणि या रायफलीच्या पंधरा दिवसांपूर्वीच्या तपासणीवर सही इब्राहिमचीच होती.

“दुसरी बसवतो,” सत्तार म्हणाला. “कुनाला कळतंय? फीत काय, सालभरात परत मिळंल त्याला.”

गोरक्ष खाली बघून काहीतरी पुटपुटला. इब्राहिमने त्याच्या ओठांकडे पाहिलं. मिशा दाट होत्या, त्यातून काही कळेना.

“मोठ्यानं बोल बाबा,” तो म्हणाला. “मला ऐकू येत न्हाई.”

सत्तार उगीचच कानस झटकू लागला. बावीस वर्षं चाचणीच्या गोळ्या कानाशी झाडल्यावर आणखी काय होणार? गेली दोन वर्षं इब्राहिम नखीचा आवाज आठवणीतूनच ऐकत होता.

“म्हनलं, आई राहुरीला आडावर सगळ्यांच्या आदी घागर लावती,” गोरक्ष ओरडून म्हणाला. “नाईकाची आई म्हनून. फीत गेली तर मागं उभी ऱ्हाईल व्हय ती?”

“भांडंल,” इब्राहिम म्हणाला.

“लई भांडंल.”

इब्राहिमने कागद ओढला आणि लिहिलं: नखीला चीर. तपासताना मला ऐकू आली नाही. कान गेले आहेत.

त्याने पास केलेल्या साऱ्या रायफली पुन्हा तपासल्या गेल्या. आणखी तीन नख्या चिरलेल्या निघाल्या. गोरक्षची फीत राहिली, त्याच्या आईची, राहीबाईची, घागर पुढे राहिली. साहेबांना दोष वेळेत हेरल्याबद्दल वरून शाबासकीचं पत्र आलं. सत्तार हेडमिस्त्री झाला, आणि खिडकीजवळ फार ऊन लागतं म्हणून कुरकुरूही लागला. या सगळ्याची भरपाई एकाच माणसाने केली. तो आता गोदामात खोक्यांना झाकणं ठोकतो आणि प्रत्येक खिळ्यानंतर लाकडावर तळवा टेकवून, तो नीट बसला का, ते बघतो.