बादली कोण ओतणार

"अंकल कुणाला म्हणाली ती?" कृष्णातनं विचारलं आणि चहाचा ग्लास असा आदळला, की धावपट्टीवरच्या घारी उडाल्या. बरं, घारी नसतील, कावळे असतील, पण उडाले.

"तुलाच," मी म्हणालो. "मला ती आजोबा म्हणते."

कृष्णात मूळचा निपाणीचा, राहायला बेंगळूरात, के. आर. पुरमला. आमच्या फ्लाइंग क्लबात लहान विमानं चालवायला शिकवतो. मी तिथलाच इंजिन मेकॅनिक. निवृत्त झालो तरी चहाला जातो. कृष्णातची खास विद्या रेडिओच्या सुईची. जमिनीवर ठिकठिकाणी केंद्रं असतात, ती आकाशात लहरी सोडतात आणि विमानातली सुई त्या पकडून केंद्राची वाट दाखवते. शिवाय प्रत्येक केंद्र पिप-पिप करत आपलं नावही सांगत असतं. ते नाव ऐकल्याशिवाय सुईवर विश्वास ठेवायचा नाही. "आधी कान, मग सुई," हे कृष्णातनं इतक्या पोरांना ऐकवलंय, की घरी कुकरच्या शिट्टीतही तो केंद्राचं नाव शोधतो म्हणे. यातलं अर्धं सोडून द्या.

अक्षरा त्याची लाडकी शिष्या. सर्जापूर रोडला राहते, आयटीत आहे. वर्षभर ती त्याला "अण्णा" म्हणायची. मग पुण्याहून अभिजीत आला; नवा शिक्षक, मांडीवर टॅबलेट, त्यात नकाशा, नकाशावर सरकणारं इवलंसं विमान. अक्षराचं शिकणं त्याच्याकडे गेलं. अभिजीत "सर" झाला आणि अण्णाचा अंकल.

त्यात आमच्या क्लबची एक रीत. शिष्य एकट्यानं लांबची फेरी मारून परतला, की त्याच्या डोक्यावर पाण्याची बादली ओतायची. ती ओतायची गुरूनं. अक्षराची फेरी आठवड्यावर आली होती, आणि बादलीचं तिनं अभिजीतला सांगितल्याचं कृष्णातच्या कानावर गेलं होतं.

"पाया मी घातला, आणि पाणी तो ओतणार?"

त्याआधीची परीक्षा मात्र कृष्णातच्या हातात होती. त्यानं फर्मान काढलं, "अक्का, टॅबलेट नाही हं. सुईवर जायचं."

"चालेल, अण्णा... म्हणजे अंकल... सर."

"सर, आजकाल सुई कोण वापरतं?" अभिजीत हसला. "बॅकअप म्हणून ठीक आहे."

"बॅकअप म्हणे! मग तू बस मागं, बॅकअप म्हणून."

मागं अभिजीत आणि वजनाला मी.

पोरीनं विमान झकास नेलं. आधी दक्षिणेकडच्या केंद्रावर, तिथून पूर्वेला. केंद्र लावलं की आवाज वाढवून नाव ऐकायची, मगच सुईकडे बघायची. कृष्णातच्या मिशा फुलत चालल्या होत्या. तेवढ्यात अभिजीतनं मागून अंगठा दाखवला आणि ती वळून गोड हसली, "थँक यू, सर!"

मिशा पडल्या.

"आण इकडं," कृष्णातनं विमान स्वतःकडे घेतलं. "घरी कसं जायचं, मी दाखवतो."

रेडिओला दोन खिडक्या. एकीतलं केंद्र चालू, दुसरीतलं वाट बघत बसलेलं. कृष्णातनं बेंगळूरच्या केंद्राचा आकडा दुसऱ्या खिडकीत लावला आणि अदलाबदलीचं बटण दाबायचंच विसरला. कसं आठवणार? डोळे मागं अभिजीतवर. सुई मघाच्याच केंद्राकडे बोट दाखवत राहिली. दोन्ही केंद्रं पश्चिमेलाच, पण मघाचं बरंच डावीकडे.

"बघ, कशी मधोमध उभी आहे," तो अभिजीतला म्हणाला. "हिला चार्जिंग लागत नाही."

समोर यायला हवं ते होसकोट्याचं तळं उजवीकडे लांब सरकलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात अक्षराचा हात पुढं गेला. तिनं आवाजाची कळ फिरवली. बाकी काही नाही.

आमच्या कानांत पिप-पिप घुमलं. नाव दुसऱ्याच केंद्राचं.

कृष्णातचे कान मला मागून दिसत होते. इतके लाल, की धावपट्टीला दिवे म्हणून लावता आले असते. त्यानं बटण दाबलं. आवाज बदलला, सुई सरकली. विमान गुपचूप उजवीकडे वळलं.

उतरल्यावर अभिजीत म्हणाला, "मधे आपण डावीकडे गेलो होतो ना?"

"ढग होता, सर," अक्षरा म्हणाली.

आभाळ घासलेल्या ताटासारखं स्वच्छ होतं.

ती गेल्यावर कृष्णातनं चहाचा ग्लास अलगद खाली ठेवला. "झाकून घेतलं पोरीनं मला. मी तिला झाकायचं, ते सोडून."

"अजून जळतोस का त्याच्यावर?"

"जळतो तर! स्वल्प कमी."

फेरीच्या दिवशी अक्षरा मांडीला टॅबलेट बांधूनच गेली. कृष्णात हँगरमागच्या नळावर होता. त्यानं बादली विसळली, काठोकाठ भरली, डुचमळू न देता आणली आणि अभिजीतच्या पायाशी ठेवली.

"सर, तुम्हीच ओता ना," अभिजीत म्हणाला.

"तिनं तुला सांगितलंय. डोळ्यात जाऊ देऊ नको."

विमान उतरलं. पाणी पडलं, ओरडाआरडा झाला, फोटो निघाले. कृष्णात तोवर परत नळापाशी. निथळत्या केसांनी अक्षरा तिकडे गेली.

"प्रत्येक केंद्राचं नाव ऐकलं, अण्णा. आधी कान."

"सरी, अक्का. बरं केलंस," तो म्हणाला, आणि आधीच बंद असलेला नळ त्यानं पुन्हा एकदा आवळला.