लेबनॉनची वेळ

मित्रांनो, कोरेगावात सुभेदार आकारामांच्या घरी भिंतीवर टांगलेले जुने घड्याळ ते मी. पलटणीतून निवृत्त होताना त्यांनी मला आणले. बावीस वर्षे या घराने माझ्या तोंडाकडे बघून चहा ठेवला, शाळा गाठली, एसटी पकडली. "मिल्ट्रीचं घड्याळ हाय, मिंटाला चुकत न्हाई," असे ते पाहुण्यांना सांगत आणि मी फुगून जाई.

गेल्या वर्षी मे महिन्यात त्यांचा मुलगा शिवतेज शांतिसेनेतून लेबनॉनला गेला. मग शेजारी नवे घड्याळ लागले आणि माझे काटे अडीच तास मागे नेऊन मला तिकडची वेळ दिली. शिवतेजच्या हाती मोबाईल येई तो रविवारी, तिकडच्या सकाळी आठला. आपल्याकडे तेव्हा साडेदहा. त्याची आई चंद्राबाई आधीपासूनच माझ्याखाली येऊन बसे.

ऑक्टोबरात एकदा तो म्हणाला, "आबा, फुडल्या ऐतवारी हितली घड्याळं तासभर मागं घेत्यात. हिवाळा आला न्हवं. फोन तुमच्या साडेअकराला यील."

आकाराम हसले. "घड्याळ कुणी मागं घेतंय व्हय रं? थट्टा करू नगंस."

चंद्राबाईंना त्यांनी सांगितलेही नाही. मला हातही लावला नाही.

त्या रविवारी सकाळी दहालाच चंद्राबाईंच्या छातीत कळ आली. दवाखान्यात न्यायला जीप दारात आली. "आवं, अर्ध्या तासाचा तर सवाल हाय. पोराशी बोलते, मग चला," त्या म्हणाल्या. माझ्यात आठ वाजले. फोन वाजला नाही. पोराचे काही बरेवाईट झाले, या भीतीने त्या जागच्या उठेनात. आकाराम माझ्याकडे बघून म्हणत राहिले, "यील, आत्ता यील." मी शिवतेजचे बोलणे ऐकले होते. ओरडून सांगावेसे वाटत होते, पण टिकटिक करण्यापलीकडे मला येते काय?

सव्वाअकराला चंद्राबाई भिंतीला टेकल्या. पुन्हा उठल्या नाहीत.

साडेअकराला फोन वाजला. "आबा, आये कुठं हाय?"

आकारामांनी माझ्याकडे पाहिले. माझ्यात नऊ वाजले होते. "किती वाजलं रं तिथं?"

"आठ. बरोबर आठ."

चंद्राबाईंना बाहेर न्यायच्या आधी त्यांनी मला उतरवले आणि काटा एक तास मागे घेतला. आता मला कुणी चांगले म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

मित्रांनो, परमुलखातली वेळ तिथल्या माणसालाच विचारा आणि तो सांगेल ते खरे माना. आणि घरात कुणाच्या छातीत कळ आली, तर कुणाच्याही फोनची वाट बघू नका. आधी जीप काढा.